रक्ताने परके मानलेले यंत्र

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे, आणि माझे काम ऐकाल तर तुम्हाला खोटे वाटेल. बाळाचे हृदय शिवायला घेताना डॉक्टरांना ते थोडा वेळ थांबवावे लागते. तेवढा वेळ त्या बाळाचे हृदय मी असते, आणि फुप्फुसेही मीच.

कारखान्यातून आले तेव्हा माझा थाट विचारू नका. मोठ्या डॉक्टरांनी कौतुकाने हात फिरवला. मला वाटले, आता सगळे माझे लाड करणार. पण रक्ताला मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही.

त्याचेही खरेच आहे. ते आपल्याच घरात वाहणारे. माझ्या प्लास्टिकच्या नळ्यांत शिरताच त्याला वाटते, शत्रू घुसला. मग अंगभर हाकाटी होते, पांढऱ्या पेशी लढायला धावतात आणि स्वतःच्याच घराची नासधूस करतात. अंग सुजते. मोठी माणसे हे सोसतात. तान्ह्या बाळात रक्त ते केवढे, ओंजळभर.

मला चालवणाऱ्या ताईंना हे पुरते ठाऊक होते. त्या नळ्या होता होईल तेवढ्या आखूड कापत आणि मला टेबलाला अगदी खेटून उभे करत.

"आता हे माझ्या मांडीवरच बसवा," डॉक्टर कुरकुरत.

"बसवलं असतं, सर. पण तुम्ही बसता कधी?" ताई म्हणत.

एकदा एक तान्ही मुलगी आली, ओठ निळसर. डॉक्टरांनी हृदयातले छिद्र बुजवले. हृदय पुन्हा चालू लागले. तेव्हा ताई म्हणाल्या, "सर, थोडा वेळ द्या. गाळणीतून रक्तातलं जादा पाणी काढून घेते."

डॉक्टर थांबले. तरी मुलगी डोळ्यांदेखत सुजली. छाती मिटायला घेतली की हृदय चेपले जाई. शेवटी डॉक्टरांनी ती उघडीच ठेवून वर पातळ पडदा शिवला. सूज उतरली नाही, तर मुलगी हाती लागणार नव्हती.

पुढचे ताई नर्सला सांगत होत्या, ते मी ऐकले. आईने मुलीला पाहिले आणि ती मागे सरली. "ही माझी नाही," म्हणाली. "माझी एवढीशी होती."

ताईंनी चादर सरकवून पाय दाखवला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. आईने ती करंगळी धरली, ती सोडेचना.

"उतरेल ना सूज?"

"शब्द देत नाही, बाई. वाट बघू."

मी कोपऱ्यात झाकलेले. फार वाईट वाटत होते. जिला जगवायला झटले, तिचेच अंग माझ्यामुळे पेटले होते. मग एका सकाळी मला पुसताना ताई गुणगुणू लागल्या, आणि मला कळले. सूज उतरली होती. छाती मिटली होती.

आता नवे यंत्र आले आहे. मी बाहेरच्या बोळात धूळ खात उभे असते. मध्यंतरी तपासणीला आलेली ती आई ताईंसोबत माझ्यापाशी थांबली. मुलगी कडेवर होती.

"ह्याच्यामुळेच सुजली ना?"

"हो. आणि ह्याच्यामुळेच वाचली."

आईने मुलीचा हात माझ्यावर टेकवला. मुलीने तोंड वाकडे करून तो झटकन मागे घेतला. मला मात्र बरे वाटले.

मित्रांनो, माझी धूळ राहू द्या. एवढेच मागते, की हृदय शिवून झाले म्हणून हुश्श करू नका. अंगाचा राग शांत होईपर्यंत बाळाची करंगळी धरून कोणीतरी बसा. मला ते जमत नाही. माझ्या नळ्या तिथवर पोचत नाहीत.