हिरव्यात निळा आलाच की!

उभी हयात रंगाच्या दुकानात डबे घुसळण्यात घालवलेल्या माणसाला टीव्हीच्या वायरी जोडायला कोणी शिकवायची गरज नसते, असं रंगवाल्याचं ठाम मत होतं. टीव्हीचा दुकानदार म्हणाला, "जोडायला माणूस पाठवतो." तर हा म्हणाला, "रंगाला रंग जुळवायचा ना? मग मला कशाला हवा माणूस!"

नवा टीव्ही आणला होता अक्कासाठी. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. मोतीबिंदूपायी तिला कित्येक वर्षं सगळं धुरकट दिसायचं. हातापाया पडून तिला एका डोळ्याच्या ऑपरेशनला तयार केलं होतं आणि आज पट्टी निघाली होती. दुसऱ्या डोळ्याचं मात्र याचा गुण बघून ठरवीन, असं तिनं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. बघायचं होतं तेही एकच, लेकीचा नाच. लेक आता नोकरीपायी परगावी, पण स्टेजवरच्या त्या नाचाची डीव्हीडी घरात होती. नाचाचा झगा अक्कानं स्वतः शिवला होता, धड दिसत नसताना, चाचपून चाचपून.

जुन्या प्लेअरच्या पिवळ्या पिनेला नव्या टीव्हीत जागाच नव्हती. म्हणून दुकानदारानं दुसरी वायर दिली होती, पाच तोंडांची. हिरवं, निळं, लाल चित्रासाठी. पांढरं आणि आणखी एक लाल आवाजासाठी. रंगवाला टीव्हीमागे घुसला. आवाजाचं लाल-पांढरं बसलं, हिरवं बसलं. निळं हातात घेऊन तो थबकला.

"पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो. म्हणजे हिरव्यात निळा आलाच की! मग हे कशाला? आणि लाल तर लावलाय एकदा."

"अहो, दोन वायरी लोंबतायत," बायको म्हणाली.

"जास्तीच्या आहेत त्या. गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे धंदे, दुसरं काय!"

डोळ्याला उजेड नको म्हणून पडदे ओढले, अक्काला खुर्चीत बसवलं आणि डीव्हीडी लावली. आवाज खणखणीत. चित्र एकदम स्वच्छ, पण काळंपांढरं!

"अरे, हे रंगीत आहे ना?" अक्कानं विचारलं.

बायकोसमोर एवढी फुशारकी मारलेली. रंगवाल्याची जीभ वळली ती भलतीकडेच. "हो तर! काय सुरेख रंग आलेत!"

अक्का पदर डोळ्याला लावायला गेली आणि डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हटल्याचं आठवून तसाच खाली घेतला. "मला रंग दिसत नाहीत रे. वाया गेला डोळा. दुसऱ्याला आता मी हात लावू देणार नाही कुणाला."

"अक्का, थांब! मी खोटं बोललो. डोळा ठीक आहे तुझा, माझंच डोकं ठिकाणावर नाही!" म्हणत रंगवाला पुन्हा टीव्हीमागे शिरला.

तेवढ्यात बायकोला काहीतरी आठवलं. त्या दिवशी ती नाच बघायला गेली होती, हा दुकानात होता. ती मागे येऊन कुजबुजली, "अहो, राहू द्या. काळंपांढरंच बरं आहे."

"वेडी आहेस का? ती रडतेय तिकडे!"

निळं बसलं, लाल बसलं. पडदा रंगांनी भरून गेला. स्टेजवर भाची गिरकी घेत होती. झगा जांभळा, डावी बाही जांभळी आणि उजवी बाही हिरवी! रंगवाल्यानं आ वासला. बायकोनं कपाळावर हात मारला.

अक्का पुढे वाकली. "ती बाही हिरवी आहे?"

रंगवाला बायकोकडे बघायला लागला.

"अरे, हिरवी आहे ना?"

"हो, अक्का," बायको चाचरत म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती पोरीनं सगळ्यांना. मैत्रिणी म्हणाल्या, बदल. ती म्हणाली, आईनं शिवलाय, असाच घालणार."

पडद्यावर पोरगी दोन्ही हात पसरून, दोन रंगांच्या बाह्या मिरवत हसत होती. अक्का टक लावून बघत राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. खुर्ची हलायला लागली, रंगवालाही हसत सुटला, बायको तर खालीच बसली.

"लबाड कुठले सगळे!" अक्का धापा टाकत म्हणाली. "त्या डॉक्टरांना फोन लाव आधी. दुसरा डोळा उद्याच करा म्हणावं. तुम्ही अजून काय काय लपवलंय ते बघायचंय मला!"