तीच ती जुनी चव

"माझं नाक म्हणजे नाक आहे, मेहुणेबुवा! सर्दी होवो नाहीतर डोळे बांधा, आपला ब्लेंड मी हजारात ओळखीन," असं म्हणून भावोजी असे शिंकले की टेबलावरची धूळ उडाली.

भावोजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आणि आमच्या व्हिस्कीच्या कारखान्यातले मुख्य ब्लेंडर. वेगवेगळ्या पिंपांतला माल मिसळून पिढ्यान्‌पिढ्यांची तीच चव आणायची, हे त्यांचं काम. हल्ली ती चव बिघडल्याची बोंब होती. आजचा माल मालकांना पटला नाही, तर भावोजींच्या जागी यंत्र येणार होतं.

सकाळपासून भावोजी, मी आणि आणखी दोघं चव घेणारे असे आम्ही चौघं नमुने तोंडात घोळवून थुंकत होतो. थुंकायचा जग स्टीलचा, तयार ब्लेंडचा जगही स्टीलचा. दोन्ही शेजारी शेजारी.

"भावोजी, बघून उचला हं."

"बघायला कशाला लागतंय? नाक आहे ना!" म्हणत ते एक जग घेऊन बैठकीच्या खोलीत गेलेसुद्धा. मी राहिलेल्या जगात डोकावलो. आत स्वच्छ, सोनेरी, आरपार व्हिस्की.

धावत पोचलो तोवर ग्लास भरले होते. मालकांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या ग्लासावर बारीक बुडबुडे तरंगत होते. त्यांनी घोट घेतला, गालातल्या गालात फिरवला.

"वा! काय दाटपणा आलाय! आणि शेवटी हा थंडावा कसला हो?"

थंडावा भावोजींच्या खोकल्याच्या गोळीचा होता. अर्धी चघळून थुंकलेली.

"अरे, माझ्या वडिलांच्या वेळची चव ही! अगदी तीच!" साहेबांचे म्हातारे काका डोळे मिटून म्हणाले. ओठाला लोंबणारी तार त्यांनी जिभेने आत ओढून घेतली.

मी भावोजींच्या कानात सगळं सांगितलं. ते पांढरेफटक पडले.

"आता हो?"

"सांगून टाका."

"आणि घरी बसू? तुमची बहीण उभी करेल का दारात?"

"कुजबुज कसली चाललीय?" साहेबांनी भरलेला ग्लास पुढे केला. "घ्या, तुम्हीपण घ्या. आणि आज थुंकायचं नाही हं, गिळायचं!"

भावोजींनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं आणि गिळलं. चौघांचं मिळून.

टाळ्या पडल्या. यंत्राचा बेत तिथल्या तिथे रद्द झाला. पुढचा सगळा माल असाच काढा, असा हुकूम सुटला, आणि साहेबांनी भावोजींना कडकडून मिठी मारली.

भावोजी साहेबांच्या खांद्यावरून काकांच्या टकलावर ओकले.