गिलाव्याला पाणी

मित्रांनो, मी एक जुनं घमेलं आहे, तेही एका कानाचं. व्याकरणाच्या पुस्तकात मला 'ते घमेलं' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण माझा जन्म गेला गवंड्यांच्या आणि बिगाऱ्यांच्या संगतीत, म्हणून मी आपलं 'आलो, गेलो' असंच बोलणार. तुमच्या बाईंनी लाल शाईने रेघ मारली तर मारू द्या. मला जे सांगायचं आहे ते सांगताना लिंग-वचनाकडे माझं लक्ष राहील असं वाटत नाही.

एका कारखान्यात लोखंडाच्या पत्र्यावर मोठा दाब पडला आणि मी खोलगट झालो. दोन बाजूंना दोन कान बसले. मग दुकानात आम्ही सगळी भावंडं एकात एक अडकून थप्पी लावून बसलो. एक दिवस मिस्त्री आले. मिस्त्री म्हणजे गवंडी, आणि भिंतीला गिलावा करण्यात त्यांचा हातखंडा. गिलावा म्हणजे विटांवर वाळू-सिमेंटचा जो गुळगुळीत थर देतात तो. त्यांनी मला टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाले, "हे द्या. बाकीची नुसती चमकतात."

त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुशारकी मारली. वाळू वाहिली, खडी वाहिली, कालवलेला वाळू-सिमेंटचा माल वाहिला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, आणि खाली कुरकुरणारा बिगारी, असा आमचा संसार. मिस्त्री रोज संध्याकाळी मला स्वतः धुवायचे. एखाद्याने मला तसंच माखलेलं टाकलं तर म्हणायचे, "अरे, त्याच्यात माल सुकला की ते घमेलं राहत नाही, धोंडा होतो."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. उन्हाळ्यात केलेल्या गिलाव्याला पाणी मारत राहायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं. ते केलं नाही तर भिंत आतून तडकत जाते आणि वरून काही दिसत नाही. त्यामुळे कामावर दिवसभर त्यांचं एकच पालुपद असायचं, "गिलाव्याला पाणी मारलं का?" बिगारी माझ्याआड तोंड लपवून हसायचे.

असाच एक रणरणता उन्हाळा होता. मंडळी परांचीखाली, म्हणजे बांधकामाच्या बांबूंच्या माचाखाली, सावलीला जेवत होती आणि मी कालवलेला माल पोटात घेऊन भिंतीच्या आडोशाला होतो. कुठून तरी एक केसाळ पिल्लू आलं. जीभ बाहेर, पाय भाजलेले. त्याला माझ्यातला ओला गारवा जाणवला असावा, कारण ते सरळ माझ्यात उतरलं आणि पोट टेकून निजलं. मिस्त्रींनी पाहिलं तेव्हा त्याचे फक्त डोळे दिसत होते. सिमेंटने कातडी भाजते म्हणून त्यांनी घाईघाईने त्याला धुऊन काढलं. जेवणारे हसत होते. "मिस्त्री, तुमच्याआधीच कुणीतरी गिलावा केला की," एक जण म्हणाला.

झालं, त्याचं नाव गिलाव्या पडलं. संध्याकाळी मिस्त्रींनी मला सायकलला बांधलं, माझ्यात एक पोतं अंथरलं आणि गिलाव्याला बसवून घरी नेलं.

पुढे एकदा मी परांचीवरून खाली पडलो. एक कान तुटला, कड वाकली. बिगारी म्हणाले, भंगारात घाला. मिस्त्री म्हणाले, "नको, घरी गिलाव्याला होईल." खरं सांगतो, मला अपमान वाटला. ज्याने इमारती उभ्या केल्या त्याने कुत्र्याचं भांडं व्हायचं! पण मिस्त्रींची मुलगी, टिकली तिचं नाव, तिने मला राखेने घासलं, कडेची धार दगडावर बोथट केली आणि स्वयंपाकघरात मोरीजवळच्या फरशीवर पाणी भरून ठेवलं. गिलाव्या आला, त्याने मला हुंगलं आणि पुढचे दोन्ही पाय पाण्यात घालून उभा राहिला. माझा राग तिथेच विरघळला.

माझ्या तिथल्या पहिल्या उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांना वाटायचं, गिलाव्या हसतोय. तोंड उघडं, जीभ लोंबतेय, डोळे बारीक. "बघा कसा खुशीत आहे," टिकलीची आई म्हणायची. एकदा जनावरांच्या डॉक्टरीणबाई सुई टोचायला घरी आल्या. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हा हसत नाहीये," त्या म्हणाल्या. "धापा टाकतोय. तुम्हा-आम्हाला अंगभर घाम येतो, याला तसा येत नाही. जिभेवाटे जेवढी उष्णता बाहेर टाकता येईल तेवढीच."

"पंखा लावतो की आम्ही," मिस्त्री म्हणाले.

"कोरड्या अंगावर गरम वारा घेऊन त्याला काय होणार? पाय आणि पोट ओलं करा, मग पंखा लावा. आणि पत्र्याच्या खोलीत तर कोंडूच नका."

त्या दिवसापासून घराला शिस्त लागली. पुढच्या खोलीवर पत्रा होता, म्हणून दुपार झाली की गिलाव्याचा मुक्काम मागे स्वयंपाकघरात. खिडकीला जाड पडदा, फरशीवर ओलं गोणपाट आणि शेजारी मी, काठोकाठ. फिरायला न्यायचं ते सकाळी, नाहीतर दिवस कलल्यावर, तेही मिस्त्रींनी रस्त्यावर उलटा हात टेकवून पाहिल्यावर. हाताला चटका बसला की ते गिलाव्याला म्हणायचे, "चल मागे. तुझ्या पायात काय चपला आहेत?" मिस्त्री कामावर गेले तरी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन यायचाच. "गिलाव्याला पाणी मारलं का?" टिकली खुदुखुदू हसायची, दोन तांबे पाणी त्याच्या पोटावर ओतायची आणि म्हणायची, "मारलं, बाबा."

तो त्यांचा घरातला विनोद होता. मलाही तो फार आवडायचा.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते माझ्याने पटकन सांगवत नाही. तरी सांगतो.

मिस्त्रींचा धाकटा भाऊ बरीच वर्षं परगावी कामाला होता. एका उन्हाळ्यात तो घरी राहायला आला. घर लहान, म्हणून स्वयंपाकघराच्या मागे त्याच्यासाठी एक खोली बांधायला काढली. विटा मिस्त्रींनी लावल्या. गिलावा करायची वेळ आली तेव्हा ते धाकट्याला म्हणाले, "हा तू कर. तुझी खोली आहे." धाकट्याने आजवर दुसऱ्याच्या हाताखाली माल कालवला होता, एकट्याने भिंत कधी केली नव्हती. त्याला एवढा आनंद झाला की तो दिवसभर थापी पुसत बसला.

धाकटा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. गिलाव्याशी त्याची चांगली गट्टी जमली होती. फक्त त्याला तो गिलाव्या म्हणत नसे. "काय राजे," म्हणायचा. "राजे, पाय खाजवू का?" असं चालायचं. आणि दुपारच्या फोनचा विनोद त्याला माहीतच नव्हता, कारण तो फोन टिकली घ्यायची.

त्या दिवशी सकाळीच टिकली आणि तिची आई आजीकडे गेल्या होत्या, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मिस्त्री लांबच्या कामावर. घरात धाकटा आणि गिलाव्या. धाकट्याने आदल्या दिवशी मोठी भिंत पुरी केली होती, कोपरा तेवढा राहिला होता. माल कालवायला दुसरं घमेलं मिळेना, म्हणून त्याने मला मोरीजवळून उचललं. माझं पाणी ओतून दिलं आणि वाळू-सिमेंट भरलं. इतक्या वर्षांनी पुन्हा कामावर निघालो म्हणून मी मनात फुलून गेलो होतो.

गिलाव्या मागोमाग आला. ओल्या मालात पाय घालील, कातडी भाजेल, असं धाकट्याला वाटलं. त्याने त्याला पुढच्या खोलीत नेलं, एका वाटीत पाणी ठेवलं, पंखा लावला आणि दार ओढून घेतलं. "राजे, आज इथे आराम करा," तो म्हणाला. बिचाऱ्याने काळजीपोटीच केलं ते; पत्र्याच्या खोलीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुपारी फोन आला. धाकट्याचे हात मालाने भरलेले, म्हणून त्याने कोपराने बटण दाबून फोन खिडकीत मोठ्या आवाजावर ठेवला. मी खालीच होतो. एकेक शब्द ऐकला.

"काय रे, गिलाव्याला पाणी मारलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"मारलं, दादा. सकाळपासून दोनदा मारलं."

"आज ऊन फार आहे. गोणपाट ओलं ठेव."

"ठेवलंय. थेंब गळतायत."

"उन्हात नाही ना?"

"नाही, नाही. सावली केली आहे. तू काळजी करू नकोस, मी इथून हललो नाही."

"शाब्बास," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मिस्त्री कुत्र्याबद्दल विचारत होते आणि धाकटा भिंतीबद्दल सांगत होता. एकही शब्द खोटा नव्हता. धाकट्याच्या डोक्यात त्या दिवशी भिंतीशिवाय काही नव्हतंच. दादा आल्यावर भिंतीवरून हात फिरवून काय म्हणेल, याचीच त्याला धाकधूक. मला सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. लोखंडाच्या जन्माला येऊन एवढं रडू कधी आलं नाही.

पुढच्या खोलीचं दार खरवडल्याचा आवाज आला. धाकट्याने मान वर केली. "आत्ता नको राजे, सगळं ओलं आहे," तो प्रेमाने म्हणाला. आवाज पुन्हा आला, मग हळू झाला आणि थांबला. धाकट्याला वाटलं, झोपला. त्याने भिंतीला तिसऱ्यांदा पाणी मारलं.

दिवस कलता कलता मिस्त्री आले. चप्पल काढता काढताच त्यांनी हाक मारली. एरवी गिलाव्या दारापर्यंत धावत यायचा. आला नाही, म्हणून त्यांनी पुढच्या खोलीचं दार लोटलं. दार अर्धंच उघडलं, कारण मागे तो पडला होता. पाण्याची वाटी उपडी झालेली, पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली आणि वरून पंखा तोच गरम वारा घालत होता. गिलाव्याची जीभ जांभळट पडली होती. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं, पण शेपूट हलली नाही.

मिस्त्रींनी त्याला उचलून मागे आणलं. "घमेलं कुठे आहे?" एवढंच ते म्हणाले. धाकटा मला घेऊन धावला. त्यांनी मला उपडं केलं, आपटलं. पण कोपरा संपवण्याच्या नादात धाकट्याने मला धुतलं नव्हतं आणि माल माझ्यात घट्ट बसला होता. मिस्त्रींनी मला बाजूला ढकललं आणि बादलीच ओतायला घेतली. धाकट्याने भिंतीवरची ओली गोणपाटं ओरबाडून खाली अंथरली. दोघांनी त्याचे पाय भिजवले, पोट भिजवलं, पुठ्ठ्याने वारा घातला आणि मग रिक्षा थांबवून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

ते परत आले तेव्हा हातात फक्त गोणपाट होतं.

डॉक्टरीणबाईंनी खूप खटपट केली, पण उशीर झाला होता, असं मिस्त्री शेजाऱ्यांना सांगताना मी ऐकलं. नंतर दोघे भाऊ मोरीजवळ बसले.

"दादा, तू विचारलंस आणि मी मारलं म्हणालो," धाकटा म्हणाला. "तू राजेंबद्दल विचारत होतास, हे मला आत्ता रिक्षात कळलं."

मिस्त्रींना आधी काही उमगेना. मग उमगलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "तू खोटं बोलला नाहीस रे," ते म्हणाले. "मीच नाव असं ठेवलं, त्याला तू काय करणार." धाकट्याला शिव्या पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो गुडघ्यांत डोकं घालून रडला.

टिकली परत आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती रडली, आणि रडणं थांबल्यावर तिने एकच विचारलं, "काका, तू घरी होतास ना?"

"होतो," धाकटा म्हणाला.

काही दिवसांनी ती काकाशी पुन्हा बोलू लागली, हसूही लागली, पण त्या नव्या खोलीत ती जात नाही. भिंत मात्र फार सुरेख आली आहे. एक भेग नाही. बघायला आलेले लोक तिच्यावरून हात फिरवतात आणि विचारतात, हे कुणाचं काम? धाकटा तेव्हा काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो.

मी मागच्या अंगणात पडून आहे. तो माल अजून माझ्यात तसाच आहे. धाकट्याने एकदा छिन्नी आणली होती, पण पहिला घाव घालायच्या आधीच ती खाली ठेवली. आता माझ्यात ओंजळभरसुद्धा पाणी राहत नाही.

मित्रांनो, मुक्या जीवावर माया करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या घरात माया भरपूर होती, पाणी होतं, पंखा होता, माणूसही होता. फक्त त्या एका दुपारी कुणी दार उघडून पाहिलं नाही. तुमच्याकडे कुत्रं असेल, तर त्याला तापलेल्या खोलीत कोंडू नका. थंड फरशीवर जागा द्या, सांडणार नाही असं जड भांडं भरून ठेवा, धाप लागलेली दिसली की पाय आणि पोट ओलं करा, आणि तरीही थांबेना तर ताबडतोब डॉक्टर गाठा. आणि जागेवर बसून घरात कुणाला ओरडून विचारू नका, की पाणी दिलं का. 'दिलं' असंच उत्तर येईल. आमच्याकडेही तेच आलं होतं.