तिसरा पट्टा

माझ्या तान्ह्या अगुतीला पाठीवरून सोडून आईच्या मांडीवर दिलं आणि माझं लक्ष चवळीच्या तिसऱ्या पट्ट्याकडे गेलं. रोपांचे शेंडे बोडके होते.

आमचं कृषी विद्यापीठ लहानसं: दोन बैठ्या इमारती, एक गोठा आणि मागची जमीन. तिच्यातले तीन पट्टे माझे. प्रत्येकात चवळीचे तेच दहा वाण. कुठला किती दाणे देतो ते तोलायचं, त्यावर माझी पदवी. मी शिकवते त्या शाळेनं मला रजा दिली होती ती एवढ्याच हंगामापुरती.

"आई, इथली पानं कुठंयत?"

"खुडली की." आईनं अगुतीची लाळ पुसली. "तू वर्गात होतीस, ही झोपली होती. एवढी कोवळी पानं आणि कुणी हात लावलेला नाही! लोक माझं नाव घेऊन म्हणतील, अन्याइतच्या लेकीला साधी एबोची, चवळीच्या पाल्याची भाजी ठाऊक नाही."

"ही भाजीची नाहीत गं!"

"चवळी भाजीची नाही? चार वर्षं हेच शिकवलं का तुला?"

खुडलेलं रोप पुन्हा फुटतं, शेंगा उशिरा धरतं. दाणे कमी आले तर वाण वाईट की आईची बोटं चपळ, कसं कळणार? आणि माझे मार्गदर्शक डॉक्टर एकोलू तासाभरात पाहणीला यायचे होते.

आईला माझा चेहरा दिसला असावा. हळू आवाजात म्हणाली, "मग उरलेल्या दोन्हींतली खुडू. सगळं सारखं दिसेल. कोण मोजतंय?"

मी खरंच पहिल्या पट्ट्यात जाऊन बसले. शेंडा चिमटीत धरला. रजा, शाळा, अगुतीचं दूध, सगळं त्या चिमटीत. पण तिसऱ्यात कुठल्या रोपाची किती पानं गेली होती, तेच मला माहीत नव्हतं. आईलाही आठवत नव्हतं. मी शेंडा सोडून दिला.

डॉक्टर आले. मी त्यांना सरळ तिसऱ्या पट्ट्याशी नेलं. "सर, पानं खुडली गेलीत. माझ्या आईनं."

ते वाकले, दोन-चार बोडके शेंडे त्यांनी तपासले. मग म्हणाले, "हा पट्टा गेला. दोन उरले. त्यांचे आकडे आपसात जुळले तर बघू. नाही जुळले तर पुढच्या पावसाला परत पेरायचं."

"पुढच्या पावसाला मी शाळेत असेन, सर."

"ते मला कळतं, स्टेला. वहीत नोंद कर. कुणी, केव्हा, किती. नाव पूर्ण."

मी वही उघडून तारीख घातली. आई अगुतीला घेऊन खांद्यावरून डोकावली.

"काय लिहितेस?"

"तुझं नाव."

"विद्यापीठाच्या वहीत?" ती एकदम सरळ उभी राहिली. "मग जेस्का पण लिही. नुसतं अन्याइत नको, गावात तीन आहेत."

मी लिहिलं.