खळीत तेल नव्हतं

वडगावात विणकरांच्या गल्लीत पांजणी असली की त्या सकाळी गल्लीतून चालायला वाट नसायची. लाकडी घोड्यांवर सुताचा लांबलचक ताणा ताणायचा, त्याला पिठाची शिजवलेली खळ लावायची आणि तो वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत राहायचं. मध्येच थांबलं की धाग्याला धागा चिकटलाच म्हणून समजा. हे एका घराच्या आवाक्यातलं काम नव्हे. आज तुझा ताणा, उद्या माझा, अशी सगळी गल्ली एकमेकांसाठी राबायची आणि त्या सगळ्यांना हाक देणारा एक म्होरक्या असायचा. या गल्लीचा म्होरक्या नागोजी होता.

ही गोष्ट एकोणीसशे वीसच्या मागेपुढची. प्लेग अजून अधूनमधून डोकं वर काढायचा आणि माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायची. अशाच एका झोपडीत नागोजीची बायको मनुबाई गेली. तोवर नागोजीची पांजणी म्हणजे गल्लीची करमणूक होती. कुंचा मारता मारता गल्लीतला थट्टेखोर भावकू नव्या नवरदेवांची टर उडवायचा आणि खुद्द म्होरक्याची फिरकी घ्यायला मनुबाई असायचीच. ती गेली आणि नागोजी डोळ्यांतून टिपूस न काढता हातमागावर जाऊन बसला. लोक म्हणाले, काय छातीचा माणूस आहे! लोकांनाही बोलायला काय जातं? नागोजीला मात्र ते खरं वाटलं, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

पुढच्याच पांजणीला भावकूने काहीतरी थट्टा केली, तेव्हा नागोजी एवढंच म्हणाला, “तोंडं बंद, हात चालू.” दुःखातला माणूस आहे, म्हणून सगळे गप्प राहिले. मग त्या गप्प राहण्याची सवय झाली आणि सवयीची भीती कधी झाली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. काम नेटकं व्हायचं, वेळेत व्हायचं. नागोजीला वाटे, माणसं आता कुठे शिस्तीला लागली.

सगळ्यांत शिस्तीचा होता शामू. बाप लवकर गेलेल्या या पोराला नागोजीनेच मागावर बसवलं, हाताला धरून धोटा फेकायला शिकवला. पूर्वी शामू एका कामात दहा शंका काढायचा. आता लग्न होऊन बाप्या झालेला शामू सांगितलं तेवढं करायचा आणि मान खाली घालून घरी जायचा. आपल्यासारखाच तयार झाला, म्हणून नागोजीला त्याचा अभिमान होता. मुलगा नसलेल्या त्या माणसाला एका थोरल्या बहिणीखेरीज जगात आपलं म्हणावं असं आता दुसरं कोणी नव्हतं.

मग एका वर्षी शामू आणि त्याची बायको अंजनी यांना पहिली मुलगी झाली आणि बारशाआधीच तापाने गेली. बारशाआधी गेलेल्या लेकराचं सुतक लोक फारसं धरत नसत. दुःखही धरू नये, अशीच सगळ्यांची अपेक्षा असे. दुसऱ्याच दिवशी सकाळी पांजणी ठरलेली होती आणि ताणा शामूचाच होता. गल्लीला वाटलं, नागोजी ती पुढे ढकलेल. पण उजाडताच तो शामूच्या दारात उभा राहिला.

“ऊठ शामू. ताणा तयार हाय,” तो म्हणाला. “कामाला लागलं की बरं वाटतंय. मी काय केलतं?”

हे तो दुष्टपणाने बोलला, असं कुणी समजू नये. आपल्याला जे औषध लागू पडलं, असं त्याला वाटत होतं, तेच तो लेकासारख्या माणसाला देत होता. शामू उठला, त्याने तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आला.

मनुबाईच्या मागे खळ शिजवायचं काम नागोजीची थोरली बहीण बायाक्का करायची. ती त्या सकाळी अंजनीला धरून आत बसली होती. मग नागोजीने खळ स्वतःच शिजवली. शेवटी खळीत तेल घालावं लागतं, म्हणजे सूत मऊ राहतं. तेल नसलं की धागा वाळून कडक होतो आणि मागावर चढवताच तटातट तुटतो. विणकराच्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. नागोजी मात्र ते साफ विसरला.

कुंचे फिरू लागले. खळीला चकाकी नव्हती, ताणा खडूसारखा पांढरा वाळत चालला होता. भावकूने तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शामू तर अगदी पुढे होता. कुणी हूं की चूं केलं नाही. काम नेहमीसारखं वेळेत संपलं.

नागोजीने ताण्यावरून हात फिरवला आणि बोटांखाली धागे कडकडा मोडले. त्याने हाताकडे पाहिलं, खळीच्या भांड्याकडे पाहिलं. सगळा ताणा वाया गेला होता.

“कुणालाच दिसलं न्हाय?” त्याने विचारलं.

भावकू पायाकडे बघत म्हणाला, “दिसलं की.”

“मग बोलला का न्हाईस?”

“बोलायचं न्हाय, असं हाय न्हवं.”

“मला तर पयल्या कुंच्यालाच दिसलं, आप्पा,” शामू म्हणाला.

“अरं, तुझा ताणा हाय! तू तरी—”

“व्हय, माझाच हाय. पर काय वाटलंच न्हाय.”

शामूच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर नागोजीने तो आनंदाने सोसला असता. आज वार कोणता ते सांगावं तसा शामू बोलला आणि घरी गेला.

नागोजी ओसरीवर बसून राहिला. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. पण आत हात घालून पाहावं तर तिथे काहीच लागत नव्हतं. दुपारी बायाक्का आली आणि शामूच्या घरची हकिकत सांगू लागली. अंजनी माहेरी सदलग्याला निघाली होती. शामूही माग मोडून तिच्याबरोबर जाणार होता. तिकडे जाऊन काय करणार, म्हणून विचारलं तर म्हणाला, हमाली करीन, कुठंबी सारखंच. परत यायचं नाव त्याने काढलं नव्हतं. नागोजी म्हणाला, मी त्याला समजावतो.

“तू काय समजावणार?” बायाक्का म्हणाली. “तुझ्यासारखाच तर केलाईस त्याला.”

“मी असाच सावरलो, आक्का.”

“सावरलास? मागं एकदा मी आमटीत मीठच घातलं न्हवतं, मुद्दाम. बघावं म्हटलं, बोलतोस का. तू गपगुमान जेवून उठलास. ह्याला सावरणं म्हंत्यात व्हय रं?”

नागोजी चाचरत म्हणाला, “म्होरक्यानं रडून कसं चालंल?”

“रडू नगंस. पर दुसऱ्याचं दुखतंय, ते तरी दिसू दे की तुला. हात काय, कुणाच्याबी धाकानं हालत्यात. माणसानं मनापासनं राबाय पायजे, तर त्याच्या मनात काय चाललंय ते इचाराय लागतंय. भ्यालेला माणूस सांगितलं तेवढंच करतोय, नागोजी. तुझ्या डोळ्यांदेखत ताणा वाळून गेला. उद्या तुझं घर पेटलं, तरी ही माणसं गप हुबी ऱ्हातील. तुझ्याशी वैर धरून न्हवं. तू त्यास्नी तेच शिकवलंयस.”

नागोजी उठला. शामूच्या दारात गेला आणि उंबऱ्याशी खालीच बसला. आत अंजनी लुगडी गाठोड्यात बांधत होती. शामू रिकाम्या मागाकडे पाठ करून बसला होता.

“सकाळी मी तुला वढून न्हेलो,” नागोजी म्हणाला. “चुकलं माझं.”

“असू दे, आप्पा.” हे ऐकूनही शामूला काही वाटलं नव्हतं.

हुकूम देण्यापलीकडचं बोलणं नागोजीच्या जिभेला राहिलंच नव्हतं. शेवटी मनात आलं ते त्याने विचारलं, “पोरीचं नाव काय ठेवणार हुता?”

हे तोवर कुणीच विचारलं नव्हतं. गाठ मारता मारता अंजनीचे हात थांबले. “मालू,” ती म्हणाली.

“मालू न्हाय,” शामू भिंतीकडे बघत म्हणाला. “राजाबाई. माझ्या आईचं नाव ठेवायचं ठरलं हुतं.”

“तुमी ठरवलं हुतं. मी कुठं व्हय म्हटलं हुतं?”

“म्हटली न्हाईस? पाळणा आणला तवा म्हटली न्हाईस तू?” शामूचा आवाज चढला, चिरकला आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून फुटेना. तो उठला, अंजनीजवळ जाऊन बसला आणि दोघंही ओक्साबोक्शी रडू लागली.

“मनू असती,” नागोजी आपल्याशीच पुटपुटला, “तर तिनं तिसरंच नाव काढलं असतं आणि तेच ठेवाय लावलं असतं.” ती गेल्यापासून तिचं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं होतं. घेतलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. गल्लीने ज्याला छातीचा म्हटलं, तो माणूस उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला. बरं झालं रडला!

सदलग्याला दोघं गेली. पण माग न मोडता गेली आणि थोड्या दिवसांनी परत आली. नागोजीने स्वतःचं सूत काढून शामूसाठी ताणा करून ठेवला होता. पांजणीच्या सकाळी तो सगळ्यांसमोर म्हणाला, “मागच्या खेपेला तेल मी इसरलो. कुणाला काय दिसलं तर बोला. मला वाईट वाटलं तरी बोला.” त्या दिवशी कुणीही बोललं नाही. इतक्या काळाचं बधिरपण एका वाक्याने कसं जाणार? नागोजीने रोज विचारायचं सोडलं नाही, एवढंच.

वाचकहो, आपणही कुठे ना कुठे म्होरके असतोच, घरात, शाळेत, कचेरीत, तालमीत. आपल्यासमोर माणसं गप्प बसतात, याला आपण शिस्त म्हणतो आणि खूश होतो. जरा जवळ जाऊन विचारा, तुझं कसं चाललंय? उत्तर येईपर्यंत थांबा. माणसाच्या मनाची विचारपूस केल्याशिवाय त्याच्याकडून काम करून घेता येतं, पण त्याची साथ मिळत नाही. आणि ज्याने स्वतःचं दुःख दाबून टाकलं, त्याला दुसऱ्याचं दिसत नाही.

पुढे एका पांजणीला सगळे मुकाट्याने कुंचे मारत असताना मागून शामू ओरडला, “आप्पा, ध्यान कुठं हाय? कुंचा वाकडा चाललाय तुमचा!”

सगळी गल्ली जागच्या जागी थबकली. नागोजीने कुंचा सरळ धरला.