हिरड्याची चाळीस रोपं

रत्नानं निरगुडीची फांदी आपटून आपटून शेवटची धग विझवली आणि तशीच वर पळाली. चपलेतून पाय पोळत होते. वरच्या सपाटीवर हिरड्याची चाळीस रोपं होती, दोन वर्षं डोक्यावर पाणी वाहून जगवलेली. वणव्यानं सगळा डोंगर काळा केला होता. रोपं कसली राहतायत!

पण रोपं होती. चाळीसच्या चाळीस. कडेची काही पानं करपलेली, बाकी जशीच्या तशी. रत्ना मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. देवच पावला म्हणायचा.

डोळे पुसल्यावर तिला पट्टा दिसला. रोपांच्या भोवतीनं चार हात रुंदीचं गवत कुणीतरी आधीच जाळून घेतलं होतं, वाऱ्याच्या उलट अंगानं, भाताच्या रोपांसाठी राब भाजावा तितक्या सबुरीनं. पट्ट्यातली राख गार होती. पलीकडची, वणव्याची, अजून चटका देत होती. देव काही असले पट्टे मारत बसत नाही. डोंगर पेटवणाऱ्यानं आधी तिची रोपं राखली होती. आणि कमरेएवढ्या गवतात ती रोपं कुठं आहेत, हे वाडीत दोघांनाच ठाऊक होतं. एक ती, आणि दुसरे तिच्याबरोबर पाण्याच्या खेपा घालणारे तिचे सासरे, सोमाजी.

वनखात्यानं उन्हाळ्यापुरतं वणव्यावर नजर ठेवायला तिला नेमलं होतं. गेल्या साली वाडीतल्याच बहिरूनं माळ पेटवला तेव्हा वनरक्षक वैजयंतीबाईंना फोन तिनंच केला. बहिरूवर केस झाली. त्याची बायको झुंबरबाई पाणवठ्यावर तिला एवढंच म्हणाली होती, घरचा असता तर केला असता का फोन? केला असता, असं रत्ना तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती.

घरी सोमाजी ओट्यावर कासरा वळत बसले होते. धोतराच्या सोग्याला काजळी लागली होती.

"वाचली ना समदी?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"वाचली, मामा. पण डोंगर कशापायी जाळला?"

"जाळल्याबिगर कवळं गवत येतंय व्हय? गुरं काय खातील? तुझ्या रोपांना धक्का लावला न्हाई मी."

दोन उन्हाळे ती त्यांना वणव्याचं सांगत होती आणि ते मान डोलवत होते. रोपं जळू नयेत म्हणून सून एवढी जिवाचा आटापिटा करते, असंच म्हातारा समजून चालला होता. डोंगर जळू नये म्हणून सांगते, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. रत्नाला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली.

तेवढ्यात फोन वाजला. वैजयंतीबाई होत्या. धूर खालपर्यंत दिसला म्हणाल्या. कुणी लावला काही कळलं का, विचारत होत्या.

 रविवार होता, डोंगरामागच्या गडावर पुण्याची पोरं फिरायला आली होती. त्यांच्यातल्या कुणीतरी बिडी टाकली असेल म्हटलं असतं तर कुणी उलटून विचारलं नसतं. ज्या माणसानं रोपं वाचवली त्याचंच नाव घ्यायचं रत्नाच्या जिवावर आलं. मग तिला झुंबरबाईचा चेहरा आठवला.

"कळलं, बाई," ती म्हणाली. "आमच्या मामांनी लावला. या तुमी. घरीच हायेत."

फोन ठेवला तरी तिला त्यांच्याकडे बघवेना. सोमाजींनी कासऱ्याची गाठ मारली, तो खुंटीला अडकवला.

"यायला किती येळ लागंल बाईला?"

"दीड-दोन तास."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातली कळशी उचलून खांद्यावर घेतली.

"मंग दोन खेपा व्हतील," ते म्हणाले आणि पाणवठ्याकडे चालू लागले.