रविवारचा बिघाड

बुधवारी सकाळी संगणक सुरू केला आणि पडद्यावर पुन्हा जुनाच आकडा आला. मी त्या खोक्याला एक सणसणीत शिवी हासडली. घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून दुसरीही हासडली.

माझी मागणी फार नाही. डोळे अधू झालेत, वर्तमानपत्राची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, म्हणून मुलीने हा संगणक आणि सोबत एक नवा प्रिंटर पाठवून दिला. सकाळी बातम्या मोठ्या अक्षरात छापायच्या, खुर्ची खिडकीशी ओढायची आणि चहा पीत जगाला नावं ठेवायची, एवढाच माझा कार्यक्रम. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. थंडी पडायला लागली आणि संगणक सुरू होताना कुठून तरी जुना कर्नल उकरून काढायला लागला; पडद्यावर येतो तो आकडा त्या कर्नलचा. जुना कर्नल आला की प्रिंटर मेल्यासारखा पडून राहतो.

कर्नल म्हणजे काय ते मला ठमीने समजावलं. ठमी म्हणजे माझी मुलगी. चाळिशीला आली तरी घरात तिचं नाव तेच. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून ती म्हणाली, "बाबा, पडद्यावर दिसते ती नुसती केबिन. कर्नल म्हणजे वर मशीनरूममधला कंट्रोलर. तो जुना असला की नवी बटणं त्याला कळतच नाहीत." पोरीने बापाच्या भाषेत सांगितलं म्हणून डोक्यात शिरलं. नवा कंट्रोलर बसवलेला आहे, तरी लिफ्ट ऐकते जुन्याचंच, असा हा रोग.

मग दर रविवारी दुपारी मी ठमीला फोन लावायचो आणि तक्रार नोंदवायचो. ती तिच्या गावातून, तारेतून, माझ्या संगणकात शिरायची. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागायचा. काही तरी उतरायचं, काही तरी बसायचं, संगणक बंद होऊन परत सुरू व्हायचा, नवा आकडा यायचा आणि प्रिंटर खुरखुरत कागद बाहेर टाकायचा. या सगळ्याला वेळ लागतो. तेवढा वेळ फोन चालूच, आणि चालू फोनवर माणूस गप्प किती बसणार? ती गुडघ्याची चौकशी करायची. गुडघा आहे तिथेच आहे असं मी सांगायचो. मग गळका नळ निघायचा, वरच्या मजल्यावरचा सारखी कपाटं सरकवणारा माणूस निघायचा, जेवायला काय केलं ते निघायचं. मी उकडलेली अंडी म्हटलं की ती म्हणायची, परत अंडी? एकदा तिने मला हसवलं, तेही भलत्याच कशावरून तरी, आणि हसता हसता माझा चष्मा पडला.

मी फोनवर बोलणारा माणूस नव्हे. ही होती तेव्हा फोन हे हिचं खातं. ही तासभर बोलायची आणि शेवटी "घ्या, लेकीशी बोला" म्हणून फोन माझ्या कानाला लावायची. मी म्हणायचो, "ठीक ना? बरं, ठेवतो." ही गेल्यावर ठमी एक दिवसाआड फोन करायची. मी ठीक आहे, तूही ठीक असशील, ठेवतो, असं सांगून मोकळा व्हायचो. बिनकामाचा फोन म्हणजे लिफ्टचं दार अडवून गप्पा मारत उभं राहणं, वर-खाली माणसं खोळंबलेली. हे माझं मत आहे आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही. हळूहळू ते फोन विरळ झाले.

पूर्वी तिच्या मागून जावयाचा आवाज यायचा. "काय बाबा, गुडघा काय म्हणतो?" एवढंच विचारायचा, पण घसा फोडून. हल्ली तो ऐकू येत नव्हता. मी एकदा विचारलं, तर कामात आहे म्हणाली. माणसं कामात असतात. मी पुढे खोदलं नाही.

तर त्या बुधवारी मी खोकं उचललं आणि कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याकडे नेलं. त्याने दोन मिनिटं बघून हात टेकले आणि नवा घ्या म्हणाला. त्याच्या अंगाला सेंटचा वास येत होता, ग्रीसचा नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. घरी आलो आणि ठरवलं, आता आपणच बघू. जन्मभर लोकांचे बिघाड शोधले, घरातला सापडू नये म्हणजे काय?

आमच्या कामात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची. घाईत दोन गोष्टी बदलल्या की लिफ्ट चालू होते, पण का चालू झाली ते कळत नाही, आणि न कळलेला बिघाड हटकून परत येतो. त्याप्रमाणे एका आठवड्यात मी विजेचं सॉकेट बदललं. फरक नाही. पुढच्या आठवड्यात रविवारनंतर प्रिंटर काढून ठेवला. फरक नाही. दर रविवारी ठमी नवा कर्नल आणायची आणि सोमवारी जुना हजर. त्यानंतरच्या रविवारी मी तार बदलली, म्हणजे काढलीच. संगणक नीट झाला, कागद छापून आले, आणि ठमी अजून वरच्या मजल्यावरच्या माणसावर बोलत असतानाच मी भिंतीतून इंटरनेटची तार उपटली.

सोमवारी नवा आकडा. मंगळवारी नवा. रोज एकदा तार जोडायची, बातम्या उतरवायच्या, परत काढायची. प्रिंटर आठवडाभर इमाने इतबारे चालला. मी सगळ्या जगाला पोटभर नावं ठेवली. रोग तारेतून येतो, एवढं पक्कं झालं. कोणी तरी चोरटा माझ्या संगणकात घुसतो, असं मी धरून चाललो.

पुढच्या रविवारी तक्रारच नव्हती, म्हणून फोन केला नाही. दुपारभर बसून राहिलो. छापलेले कागद दोनदा वाचून झाले. वरच्या माणसानेही नेमकं त्या दिवशी काही सरकवलं नाही. संध्याकाळी ठमीचाच फोन आला. चालू आहे का, विचारलं तिने. उत्तम चालू आहे, तार काढून ठेवतो तेव्हापासून, मी म्हटलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"बरं झालं," ती म्हणाली. आवाज पडलेला होता. मग म्हणाली, तरी एकदा आत येऊन बघते, अपडेट राहिले असतील, तार तेवढी लावून ठेवा.

मी तार लावली. तिचा आवाज लगेच सुधारला. जेवायला काय केलं, तिने विचारलं. मी अंडी म्हणालो. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, झालं बाबा, सगळं ठीक आहे, आता बंद करा. एरवी मी तिथल्या तिथे पडदा मालवतो. पण चोर पकडायचा होता, म्हणून त्या दिवशी तसाच पडद्याच्या उजेडात बसलो.

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने बाण हलला.

रिकाम्या खोलीत आपोआप फिरणारा बाण बघताना कसं वाटतं ते सांगून कळायचं नाही. त्याने काळी चौकट उघडली. तीत एक ओळ उमटली, अक्षर अक्षर करत, मध्येच चुकून मागे येत, पुन्हा पुढे जात. शेवटी जुना आकडा होता. ओळ पुरी झाली, बाण क्षणभर नुसताच थांबला, मग चौकट मिटली. ते अडखळत टाइप करणं मी ओळखत होतो. रविवारमागून रविवार ते मी पाहिलं होतं.

रागाने माझं डोकं सणकलं. पोटच्या पोरीने माझ्या डोळ्यांत धूळ फेकावी? मी शिव्या दिलेल्या, संगणकवाल्याच्या दारात खोकं घेऊन उभा राहिलेला, आणि ही तिकडून दर रविवारी बिघाड पेरून जात होती. फोन उचलला, आता हिला सोलतोच म्हणून. आणि फोन हातात घेऊन तसाच बसलो. कारण विचारायचं काय? का केलंस, हेच ना? त्याचं उत्तर मला माहीत होतं. बिघाड नसला की मी फोन करत नाही. तिने केला तर अर्ध्या मिनिटात ठेवतो. माझ्याशी बोलायचं असेल तर माझं काही तरी मोडायला लागतं, हे माझ्या लेकीने हेरलं होतं. मला रडू आलं. ही गेली तेव्हाही मी लोकांसमोर रडलो नव्हतो. आता समोर कोणी नव्हतं.

दोन दिवस मी मूग गिळून बसलो. मंगळवारी दुपारी काळी चौकट उघडली. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागची ओळ परत येते, हे तिनेच शिकवलेलं. ओळ आली. भिंग लावून मी तिच्यातला जुना आकडा पुसला आणि नवा लिहिला. संगणक बंद करून सुरू केला. नवा आला. तार लावलेलीच ठेवली. मग फोन लावला.

तिने पहिल्याच घंटेला उचलला. "बाबा? आज मंगळवार. काय झालं? परत जुना आला का?"

"नाही. नवाच आहे."

"प्रिंटर?"

"चालतो."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं. "काम नाही काही."

तिच्याकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला. नंतर त्या घरातून भांड्याचा नाही, रेडिओचा नाही, माणसाचा तर नाहीच, कसलाच आवाज आला नाही. एरवी कामावर असणारी ती मंगळवारी दुपारी घरी कशी, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. फोन ठेवायची सवय हाताशी आलीच होती. ती मी दाबून धरली आणि वाट बघितली.

"बाबा," ती म्हणाली, "तो नाही राहत इथे आता. थंडी सुरू झाली तेव्हाच गेला. तुम्हाला सांगणार होते, दर रविवारी सांगणार होते." तिने नाक ओढलं. "तुमची कामं आटपायची असतील ना? मी नंतर करते."

"बोल तू," मी म्हटलं. "मी ठेवत नाही."